उबेत विरणारी चरबी : बेथेस्डा येथील चार महिन्यांच्या प्रयोगाचा प्रकरण अभ्यास

अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात बेथेस्डा येथे राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे संशोधन रुग्णालय आहे. तेथे पाच निरोगी तरुण पुरुष सलग चार महिने रोज रात्री झोपायला जात होते. दिवसा त्यांचे नेहमीचे व्यवहार चालत. संध्याकाळी परत यायचे, मोजूनमापून दिलेले जेवण घ्यायचे आणि तापमान नियंत्रित केलेल्या खोलीत किमान दहा तास काढायचे, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा होती. अंगावर रुग्णालयाचे साधे कपडे आणि पांघरायला पातळ चादर. जाड पांघरुणाची सोय मुद्दामच ठेवलेली नव्हती.

खोलीचे तापमान दर महिन्याला बदलले जाई. पहिला महिना २४ अंश सेल्सियस, दुसरा १९, तिसरा पुन्हा २४ आणि चौथा २७. यांतले १९ अंश ही काही बर्फाळ थंडी नव्हे. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे याहून पुष्कळ जास्त गारवा असतो. पण पुण्यातला माणूस त्या गारव्यात दुलई डोक्यावरून ओढून घेतो आणि तिच्या आत स्वतःपुरते उबदार हवामान तयार करतो, त्यामुळे बाहेरचा आकडा त्याच्या कातडीपर्यंत पोहोचतच नाही. बेथेस्डातील खोलीत तो पोहोचावा अशी व्यवस्था होती. हुडहुडी भरेल इतकी थंडी नको, पण शरीराला दखल घ्यावी लागेल इतकी हवी, असा त्यामागचा हिशेब. २४ अंशांचा आकडाही आपल्या ओळखीचा आहे: १ जानेवारी २०२० पासून भारतात खोलीच्या तारांकित एसीचे सुरुवातीचे तापमान २४ अंशांवर लावून देणे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या नियमामुळे उत्पादकांना बंधनकारक झाले. प्रयोगात हेच तापमान ‘ना थंड, ना गरम’ म्हणून धरले होते.

पॉल ली, फ्रान्चेस्को चेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला हा प्रयोग २०१४ मध्ये ‘डायबेटिस’ या संशोधन नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्रत्येक महिना संपला की पाचही जणांची तपकिरी चरबी, म्हणजे ऊर्जा जाळून उष्णता निर्माण करणारी चरबी, पेट-सीटी या शरीराच्या आतली प्रतिमा काढणाऱ्या यंत्राने मोजली गेली. शिवाय शरीर किती ऊर्जा खर्च करते, जेवणानंतर रक्तातील साखर आणि इन्सुलिन कसे वागते, हेही तपासले गेले. १९ अंशांच्या महिन्यानंतर तपकिरी चरबीचे आकारमान ४२ टक्क्यांनी आणि चरबीची चयापचयाची हालचाल १० टक्क्यांनी वाढलेली दिसली. पुढचा महिना २४ अंशांत गेल्यावर ही वाढ जवळजवळ मूळपदावर आली आणि २७ अंशांच्या महिन्यानंतर तिचा मागमूस राहिला नाही. बाहेरच्या ऋतुमानाशी या चढउताराचा संबंध नव्हता, असेही संशोधकांना आढळले.

वर्तमानपत्रांनी यातला दुसरा महिना उचलला. ‘थंड खोलीत झोपा आणि चरबी वाढवा’ हे वाचकाला थबकवणारे होतेच, कारण चरबी वाढवण्याचा सल्ला एरवी कोणी देत नाही. माझ्या मते या प्रकरणाचे खरे मोल तिसऱ्या आणि चौथ्या महिन्यात आहे. थंडीने तपकिरी चरबी वाढते हे उंदरांत फार पूर्वीपासून माहीत होते आणि माणसांतही त्याचे पुरावे जमत होते. ती वाढ ऊब परत आल्यावर टिकते की ओसरते, आणि ओसरत असेल तर किती वेगाने, याचे माणसांतले मोजमाप मात्र तोवर झालेले नव्हते.

तपकिरी चरबी म्हणजे काय

पोटावर, मांड्यांवर साठते ती पांढरी चरबी. तिच्या पेशीत मेदाचा एकच मोठा थेंब असतो, तो जवळजवळ सगळी जागा व्यापतो आणि पेशीचे केंद्रक कडेला दाबले जाते. तपकिरी चरबीची पेशी सूक्ष्मदर्शकाखाली निराळी दिसते. तिच्यात मेदाचे अनेक बारीक थेंब विखुरलेले असतात आणि मधल्या जागेत तंतुकणिकांची, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांची, दाटी असते. या तंतुकणिकांतील लोहयुक्त प्रथिने आणि भोवती पसरलेले रक्तवाहिन्यांचे जाळे यांमुळे या ऊतीला तो रंग येतो. पांढरी चरबी ऊर्जा साठवते; तपकिरी चरबी ती जाळते आणि त्यातून उष्णता निर्माण करते.

स्विस निसर्गअभ्यासक कॉनराड गेस्नर याने १५५१ मध्ये मार्मट या शीतनिद्रा घेणाऱ्या प्राण्याच्या पाठीत अशी ऊती पाहिली आणि ती धड चरबी नाही, धड मांस नाही, असे नोंदवले. रंगरूप पाहता ते वर्णन आजही चुकीचे म्हणता येत नाही. माणसाच्या नवजात बाळात ही ऊती खांद्यांच्या फऱ्यांमध्ये, मानेभोवती आणि मूत्रपिंडांजवळ असते. बाळाला मोठ्या माणसासारखे कुडकुडता येत नाही. अंगाचे आकारमान लहान, त्या मानाने कातडीचा पृष्ठभाग मोठा, त्यामुळे उष्णता झपाट्याने निघून जाते, आणि ती भरून काढण्याचे काम ही चरबी करते. बाळंतिणीच्या खोलीत बाळाला टोपडे घालून दुपट्यात घट्ट गुंडाळण्याची जी घाई असते, ती एका परीने या इवल्याशा शेगडीवरचा भार हलका करण्यासाठीच असते.

मोठेपणी ही ऊती नाहीशी होते, असा वैद्यकाचा समज दीर्घकाळ होता. त्याला छेद देणारी माहिती अधूनमधून येत होती. १९८१ मध्ये फिनलंडमधील शवविच्छेदनांच्या एका अभ्यासात असे दिसले होते की उत्तरेकडच्या थंडीत उघड्यावर काम करणाऱ्यांच्या मानेतील रक्तवाहिन्यांभोवती तपकिरी चरबी शिल्लक होती. पण निर्णायक वर्ष २००९ ठरले. त्या वर्षी अमेरिकेतील बोस्टन, नेदरलँड्समधील मास्ट्रिक्ट आणि फिनलंडमधील तुर्कू येथील तीन गटांनी प्रौढ माणसांत काम करणारी तपकिरी चरबी असल्याचे एकाच वेळी दाखवून दिले. बोस्टनच्या गटाने १,९७२ रुग्णांच्या इतर कारणांसाठी काढलेल्या ३,६४० पेट-सीटी प्रतिमा धुंडाळल्या, त्यांत ७.५ टक्के स्त्रियांत आणि ३.१ टक्के पुरुषांत ही ऊती उजळलेली आढळली. बाहेर थंडी असताना काढलेल्या प्रतिमांत ती अधिक वेळा दिसली. प्रौढांत तिची मुख्य जागा म्हणजे गळपट्टीच्या हाडाच्या वर, मानेच्या दोन्ही बाजूंना, आणि पाठीच्या कण्याच्या कडेने.

थंडीचा महिना: पेशीत काय घडते

थंडीची पहिली बातमी कातडी देते. तिच्यातील चेतातंतू मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसला वर्दी देतात, तेथून अनुकंपी चेतासंस्थेमार्फत आज्ञा निघते आणि तपकिरी चरबीत शिरलेल्या चेतातंतूंच्या टोकांशी नॉरॲड्रेनॅलिन स्रवू लागते. ते पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहकांना चिकटले की आत साखळी सुरू होते: विकरे जागी होतात, मेदाचे बारीक थेंब फोडले जातात आणि मेदाम्ले मोकळी होतात. हे सारे काही मिनिटांत होते.

पुढचे पाऊल या पेशीचे वैशिष्ट्य आहे. कोणत्याही तंतुकणिकेत इंधन जाळून मिळालेल्या ऊर्जेवर प्रोटॉन पडद्याच्या एका बाजूला साठवले जातात, जसे कोयनेच्या भिंतीमागे पाणी साठते. ते प्रोटॉन परत येताना एका रेण्वीय जनित्रातून येतात आणि त्यातून पेशीचे चलन, एटीपी, तयार होते. तपकिरी पेशीत या भिंतीला एक सांडवाही आहे. त्याचे नाव यूसीपी-१ प्रथिन. याच कामामुळे त्याला पूर्वी थर्मोजेनिन म्हणत. एरवी पेशीतील काही न्यूक्लिओटाइड रेणू हा सांडवा बंद ठेवतात, पण मोकळी झालेली मेदाम्ले तो उघडतात. मग प्रोटॉन जनित्राला वळसा घालून परत येतात, एटीपी तयार होत नाही आणि सगळी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. धरणाच्या बाबतीत सांडव्यावरून वाहिलेले पाणी वाया गेले म्हणून हळहळ होते. इथे ते वाया घालवणे हाच उद्देश असतो.

एका थंड संध्याकाळपुरते एवढे पुरते. पण थंडी रोज येऊ लागली की पेशी असलेली शेगडी पेटवून थांबत नाही, ती शेगड्याच वाढवते. यूसीपी-१ च्या जनुकाचे वाचन वाढते. पीजीसी-१ अल्फा नावाचे नियामक प्रथिन नव्या तंतुकणिका बांधायला लावते. पेशीतच असलेले एक विकर थायरॉइडचे सौम्य संप्रेरक तीव्र रूपात बदलते आणि त्यामुळे आंच आणखी वाढते. नव्या रक्तवाहिन्या फुटतात, कारण इंधन, प्राणवायू आणि तयार झालेली उष्णता यांची ने-आण रक्तच करते. पूर्वज पेशींतून नव्या तपकिरी पेशी तयार होतात, आणि पांढऱ्या चरबीतही मधेमधे तपकिरी गुणांच्या पेशी उगवतात, ज्यांना त्यांच्या फिकट रंगामुळे ‘बेज’ पेशी म्हणतात. उंदरांत ही सारी पावले एकेक करून दाखवली गेली आहेत. बेथेस्डातील दुसरा महिना ही या लांबलेल्या तयारीची माणसातली खूण होती.

इथे एक गाठ आहे आणि ती मला या प्रकरणात सर्वांत उद्बोधक वाटते. तपकिरी चरबी ४२ टक्क्यांनी वाढली असेल, तर थंडीत शरीर जी जास्तीची ऊर्जा खर्च करते तीही वाढायला हवी, असे कोणीही म्हणेल. ती वाढली नाही. थंडीमुळे होणारा ऊर्जाखर्च चारही महिन्यांत सांख्यिकीच्या दृष्टीने सारखाच राहिला. वाढला तो जेवणानंतरचा ऊर्जाखर्च, म्हणजे अन्न पचवताना आणि साठवताना शरीर जी उष्णता टाकते ती. आणि जेवणानंतरची इन्सुलिन संवेदनशीलताही सुधारली, म्हणजे तेवढीच साखर आवरायला कमी इन्सुलिन लागू लागले. लेप्टिन आणि ॲडिपोनेक्टिन या चरबीतून स्रवणाऱ्या संप्रेरकांच्या पातळ्याही बदलल्या. वजन मात्र हलले नाही. वजन उतरवण्याचा उपाय म्हणून या प्रयोगाकडे पाहणाऱ्यांनी ही ओळ वगळली, आणि मधुमेहाच्या दृष्टीने पाहणाऱ्यांना तीच महत्त्वाची वाटली.

थंडीतला खर्च का वाढला नसावा? एक शक्यता अशी की एकूण खर्च तोच राहून त्यातील वाटणी बदलते. कुडकुडणाऱ्या स्नायूंकडून येणारी उष्णता कमी होते आणि तपकिरी चरबीकडून येणारी वाढते. मास्ट्रिक्ट येथे २०१३ मध्ये झालेल्या प्रयोगात नेमके याच दिशेचे काही दिसले होते. तिथे १७ निरोगी व्यक्तींना दहा दिवस, रोज सहा तास, १५ ते १६ अंशांत बसवले गेले. शेवटी त्यांना थंडी कमी बोचू लागली, कुडकुडणे घटले आणि न कुडकुडता निर्माण होणारी उष्णता मूळ खर्चाच्या १०.८ टक्क्यांवरून १७.८ टक्क्यांवर गेली. थंडी अधिक होती, जागेपणी होती आणि मोजण्याची पद्धत निराळी होती, त्यामुळे दोन प्रयोगांचे आकडे शेजारी ठेवून त्यांची वजाबाकी करणे योग्य नव्हे. पण सवयीने थंडी सोसवते म्हणजे नक्की काय होते, याचे उत्तर तिथे बरेचसे मिळते.

ऊब परतल्यावर

आता तिसरा महिना. खोली पुन्हा २४ अंशांवर आली, चादर तीच, जेवण तेच. नॉरॲड्रेनॅलिनची आज्ञा मंदावली. सर्वसामान्य समजूत अशी असते की आज्ञा थांबली की यंत्र नुसते बंद पडून राहील आणि पुढच्या थंडीत पुन्हा चालू होईल. पेशी तसे करत नाही. तंतुकणिका सांभाळणे खर्चाचे काम आहे, आणि जिथे उष्णता नको तिथे सांडवा असलेले धरण बाळगणे धोक्याचेही. म्हणून पेशी ती यंत्रसामग्री मोडीत काढते.

हे मोडीत काढणे ही स्वतंत्र आणि सक्रिय प्रक्रिया आहे. उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले की थंडी संपल्यावर बेज पेशी आपल्या तंतुकणिकांना पडद्यात गुंडाळतात आणि पचवून टाकतात. या स्वपाचनाला ऑटोफॅजी म्हणतात. ज्या उंदरांत ही क्रिया जनुकीय फेरफाराने अडवली होती, त्यांच्या बेज पेशी ऊब आल्यावरही बराच काळ बेजच राहिल्या. म्हणजे ऊब आल्याने पेशी आपोआप झिजत नाही. ती स्वतःला आवरते, आणि आवरण्याची क्रिया रोखली तर थंडीतली अवस्था टिकते. औषध शोधणाऱ्यांना या निष्कर्षात रस असणे साहजिक आहे, कारण तसे झाले तर माणसाला थंडीत न बसवताही हे साधता येईल.

मोडतोड होताना पेशी मरते का? बेज पेशींपुरते उत्तर असे की बहुतेक मरत नाहीत. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी २०१३ मध्ये उंदरांतील बेज पेशींवर कायमची खूण करून त्यांचा माग ठेवला. ऊब आल्यावर त्याच पेशी पांढऱ्या चरबीच्या पेशींसारख्या झाल्या, त्यांच्यातील बारीक थेंब मिळून मोठा थेंब तयार झाला. आणि पुन्हा थंडी दिल्यावर त्यांतल्याच काही परत बेज झाल्या. पुढे २०१८ मध्ये एका गटाने याच पेशींच्या केंद्रकातील गुणसूत्रांची मांडणी पाहिली. ऊब आल्यावर बेज पेशींची मांडणी पांढऱ्या पेशींच्या दिशेने मोठ्या प्रमाणावर बदलते, पण आधीच्या थंडीच्या काही खुणा जनुकांच्या नियंत्रक भागांवर शिल्लक राहतात. खऱ्या तपकिरी पेशींची ओळख मात्र ऊब आली तरी फारशी ढळत नाही. त्या मेदाने फुगतात, फिक्या पडतात, तरी तपकिरीच राहतात. यंत्रे मोडीत निघाली, पण साचा माळ्यावर ठेवलेला असतो.

या उंदरांविषयी एक सावधगिरी इथेच नोंदवतो. प्रयोगशाळेत उंदीर साधारण २२ अंशांत ठेवतात, कारण तिथे काम करणाऱ्या माणसांना ते बरे वाटते. उंदराला मात्र जास्तीची उष्णता निर्माण न करता राहण्यासाठी ३० अंशांच्या आसपास तापमान लागते. म्हणजे नेहमीच्या पिंजऱ्यातला उंदीर आयुष्यभर सौम्य थंडीतच असतो. त्याची ‘सामान्य’ स्थिती ही बेथेस्डाच्या दुसऱ्या महिन्यासारखी आहे, आणि आपली नेहमीची स्थिती, कपडे आणि पांघरूण धरून, त्याच्या ३० अंशांच्या जवळ जाणारी. उंदरावरून माणसाबद्दल बोलताना हा फरक विसरल्याने बराच अतिउत्साह निर्माण झाला आहे.

चौथ्या महिन्याने हा विचार आणखी पुढे नेला. २७ अंशांत तपकिरी चरबी दबली. म्हणजे २४ अंशांतही पातळ चादरीखाली झोपलेल्या माणसाच्या अंगात ती थोडेफार काम करत होती, आणि तीन अंशांच्या फरकाने तेही गेले. वाढ १९ अंशांना सुरू झाली आणि घट २७ अंशांना दिसली; मधे फक्त आठ अंश, आणि तेही बहुतेक झोपेत. थंडी म्हटले की हिमालय किंवा उत्तर ध्रुव डोळ्यांसमोर आणणाऱ्या आपल्या कल्पनेला या आठ अंशांचा अर्थ सहज पटत नाही.

पुराव्याचे वजन

प्रयोगाच्या मर्यादा त्याच्या रचनेतच आहेत. माणसे पाच, सगळे तरुण, सडपातळ आणि पुरुष. तापमानांचा क्रम सर्वांना एकच होता, त्यामुळे एका महिन्याचा परिणाम पुढच्या महिन्यात किती रेंगाळला हे वेगळे काढता येत नाही. पण प्रत्येक जण स्वतःचीच तुलना स्वतःशी करत होता आणि चार महिने आहार व निवास इतक्या काटेकोरपणे सांभाळणे ही साधी गोष्ट नव्हे. पन्नास माणसांवर हे करायचे म्हटले तर रुग्णालयाचा एक मजलाच अडकेल. पाच हा आकडा लहान आहे, तरी निष्काळजीपणाचा नाही.

मोजमापाबद्दलची शंका अधिक खोल जाते. पेट-सीटीत किरणोत्सर्गी खूण लावलेले ग्लुकोजसारखे द्रव्य टोचतात आणि ते कुठे शोषले जाते ते पाहतात. सीटीवर चरबीची घनता दिसणाऱ्या जागेतील ज्या बिंदूंत हे शोषण ठरावीक मर्यादेपलीकडे जाते, ते तपकिरी चरबी म्हणून मोजले जातात. यात दोन अडचणी आहेत. तपकिरी चरबीचे मुख्य इंधन मेदाम्ले आहेत, ग्लुकोज नव्हे. त्यामुळे ग्लुकोजचे शोषण म्हणजे उष्णतेचे माप होत नाही. दुसरे असे की पूर्वी मर्यादेच्या किंचित खाली असलेली पेशीसमूहाची कड थंडीने मर्यादेच्या किंचित वर आली, तर तीही ‘नवी’ ऊती म्हणून मोजली जाईल. ४२ टक्के वाढ म्हणजे तितक्या नव्या पेशी, असा अर्थ केवळ प्रतिमेवरून लावता येत नाही. ऊर्जाखर्च न वाढता आकारमान वाढल्याचे कोडे यामुळे थोडे सैल होते.

मधुमेहाच्या बाबतीतही सरळ रेघ ओढता येत नाही. २०१५ मध्ये मास्ट्रिक्ट येथेच दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असलेल्या आठ जणांना दहा दिवस १४ ते १५ अंशांत ठेवले गेले आणि त्यांची इन्सुलिन संवेदनशीलता सुमारे ४३ टक्क्यांनी सुधारली. आकडा मोठा आहे. पण त्यांच्या तपकिरी चरबीतील वाढ किरकोळ होती; बदल दिसला तो स्नायूंत, जिथे ग्लुकोज आत घेणारे वाहक प्रथिन पेशीच्या पृष्ठभागाकडे सरकले होते. थंडीचा फायदा आणि तपकिरी चरबीचा फायदा या दोन निरनिराळ्या गोष्टी असू शकतात, आणि बेथेस्डातील निष्कर्ष वाचतानाही हे डोक्यात ठेवावे लागते.

आपल्या शरीराचा प्रश्न

दक्षिण आशियाई माणसाला हा विषय परका नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले की इथले नवजात बाळ वजनाने इंग्लंडमधील बाळापेक्षा बरेच कमी असले तरी त्याच्या अंगात चरबीचे प्रमाण त्या मानाने कमी झालेले नसते. स्नायू कमी, चरबी जपलेली. वरून किडकिडीत दिसणाऱ्या माणसाला चाळिशीच्या आत मधुमेह का गाठतो, याच्या उत्तराचा एक धागा तिथे आहे. दुसरा धागा तपकिरी चरबीत सापडेल अशी आशा २०१४ मध्ये नेदरलँड्समधील लायडन येथील अभ्यासाने निर्माण केली. तिथे दक्षिण आशियाई वंशाच्या बारा आणि युरोपीय वंशाच्या बारा तरुण, सडपातळ पुरुषांची तुलना झाली. दक्षिण आशियाई गटात तपकिरी चरबीचे आकारमान आणि विश्रांतीतला ऊर्जाखर्च दोन्ही कमी आढळले. मात्र त्याच देशात ॲमस्टरडॅम येथे आदल्या वर्षी झालेल्या तशाच अभ्यासात थंडीतील तपकिरी चरबीच्या हालचालीत दोन गटांत फरक आढळला नव्हता. दोन्ही गट लहान होते. एवढ्यावर ‘भारतीयांत तपकिरी चरबी कमी’ असे वाक्य छापणे घाईचे आहे, जरी ते मी अनेकदा छापलेले पाहिले आहे.

कोकण किनाऱ्यासाठी बेथेस्डाचा चौथा महिना हा प्रयोग नसून ऋतू आहे. मे महिन्यात मुंबईचे रात्रीचे किमान तापमान २७ अंशांच्या आसपास असते. म्हणजे खिडकी उघडी टाकून पंख्याखाली झोपणारा माणूस तो महिना आपसूक काढतो, आणि एसी १८ अंशांवर लावून वर जाड ब्लँकेट घेणारा माणूस, दुसरा महिना विकत घेतल्याच्या समजात, त्याच चौथ्या महिन्यात झोपतो. कातडीला काय कळते यावर सारे अवलंबून आहे, भिंतीवरच्या आकड्यावर नाही.

पाचवा महिना

उंदरातल्या त्या शिल्लक खुणा लक्षात घेतल्या की बेथेस्डाच्या वेळापत्रकात एक जागा रिकामी दिसते. २७ अंशांनंतर खोली पुन्हा १९ अंशांवर आणली असती, तर तपकिरी चरबी वाढायला पुन्हा पूर्ण महिना लागला असता, की आधीच्या थंडीची ओळख राहिल्यामुळे ती दहा-पंधरा दिवसांतच तितकी वाढली असती? पहिले घडले असते तर माणसाची पेशी दर हिवाळ्यात कोऱ्या पाटीने सुरुवात करते असे म्हणता आले असते. दुसरे घडले असते तर आधी काढलेल्या हिवाळ्यांचाही हिशेब धरावा लागला असता, आणि मग नागपूरला वाढून मुंबईत स्थायिक झालेला माणूस आणि जन्मभर मुंबईतच राहिलेला माणूस यांना एकाच खोलीत, एकाच चादरीखाली झोपवून मोजणे अर्थपूर्ण ठरले असते. वेळापत्रक २७ अंशांवर थांबले. पाचही जण आपापल्या घरी गेले तेव्हा दुसऱ्या महिन्यात कमावलेली ती ४२ टक्के चरबी त्यांच्या अंगात नव्हती.